संकेतभंग आणि बघे : महाडच्या चवदार तळे सत्याग्रहाच्या (१९२७) संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

सार्वजनिक ठिकाणी एखादा रूढ सामाजिक संकेत मोडला जातो, तेव्हा इतिहासकाराची दृष्टी साहजिकच तो मोडणाऱ्याकडे वळते. त्याच्याभोवती उभे राहून पाहणारे लोक मात्र कागदपत्रांत ‘जमाव’, ‘गावकरी’ अशा मोघम शब्दांत सामावले जातात. वस्तुतः मोडलेला संकेत मोडलेलाच राहतो की पुन्हा सांधला जातो, हे पुष्कळदा या बघ्यांच्या वर्तनावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात महाड येथील चवदार तळे सत्याग्रहाचा विचार या दृष्टीने करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाच्या निवडीमागे प्रादेशिक कारणही आहे. कर्जत आणि खालापूर हे तालुके व महाड हा तालुका एकाच जिल्ह्याची दोन टोके होत. १९८१ पर्यंत हा जिल्हा ‘कुलाबा’ या नावाने ओळखला जात असे, आणि ज्या परिषदेतून सत्याग्रह उभा राहिला ती ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ या नावानेच भरली होती. असे असूनही आपल्या भागातील विद्यार्थ्यांना ही घटना प्रामुख्याने एका महापुरुषाच्या चरित्रातील प्रसंग म्हणून परिचित असते. आपल्या जिल्ह्यातील सामान्य माणसे त्या दिवशी काय करीत होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सैद्धान्तिक भूमिका

बघ्यांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. १९६४ मध्ये न्यूयॉर्क शहरात किटी जिनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी तो निमूटपणे पाहत राहिले, असे वृत्त प्रसिद्ध झाले. हे वृत्त अतिरंजित होते, हे पुढे स्पष्ट झाले. तथापि त्यातून प्रेरणा घेऊन बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांनी केलेले प्रयोग आजही महत्त्वाचे मानले जातात. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात खोलीत धूर सोडण्यात आला. एकटा माणूस असताना ७५ टक्के लोकांनी त्याची सूचना दिली. तीन अनोळखी माणसे एकत्र असताना केवळ ३८ टक्के गटांतून ती दिली गेली. आणि सोबतचे दोघे मुद्दाम स्वस्थ बसून राहिले असता हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून प्रसंगाचा अर्थ लावतो, आणि दुसऱ्याची स्वस्थता म्हणजे संमती असे समजतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

याउलट २०१९ मध्ये तीन देशांतील शहरांत सीसीटीव्ही कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत किमान एका बघ्याने हस्तक्षेप केल्याचे आढळले. म्हणजे बघे नेहमीच निष्क्रिय असतात असे नाही. ते केव्हा, कोणाच्या बाजूने आणि कोणत्या समजुतीने पुढे येतात, हा खरा प्रश्न आहे. महाडच्या घटनेला हाच प्रश्न विचारावयाचा आहे.

कायदा खुला, तळे बंद

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी निधीतून बांधलेले वा सरकारनियुक्त संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. या नगरीच्या सार्वजनिक जीवनात सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी कार्यकर्ते होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

ठराव झाला, परंतु पुढील तीन वर्षांत अस्पृश्य समाजातील लोक तळ्यावर जाऊ शकले नाहीत. तळ्यावर पहारेकरी नव्हता, कुंपण नव्हते, मनाईची पाटी नव्हती. इतर धर्मांचे लोक तेथील पाणी घेत, जनावरेही पीत. अस्पृश्यांना मात्र तळ्याभोवतीच्या वस्तीची नजर हाच अडसर होता. कायद्याने दार उघडले असले तरी बघ्यांनी ते लावून धरले होते, असे म्हणावयास हरकत नाही. येथे बघ्यांना काहीही करावे लागत नव्हते. ते आहेत, एवढी जाणीव पुरेशी होती.

२० मार्च १९२७ : पहिले दोन तास

१९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. परिषदेस आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, असे नमूद आहे. ज्या गावात नगरपालिकेच्या मालकीचे भरलेले तळे होते त्याच गावातील हा खर्च होता. दुसऱ्या दिवशी अनंत विनायक चित्रे यांच्या सूचनेनंतर प्रतिनिधी रांगेने बाजारातून तळ्याकडे निघाले. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, त्यांच्यामागून इतरांनी घेतले, आणि सर्व जण शांतपणे मंडपाकडे परतले.

या क्षणी गावातील बघ्यांनी काय केले? काहीच नाही. मिरवणूक भर रस्त्यातून गेली, पाणी प्यायले गेले, आणि कोणीही आडवे आले नाही. ज्या संकेताचे रक्षण पिढ्यान्‌पिढ्या झाले असे सांगितले जात होते, तो मोडताना पाहणारे स्तब्ध राहिले. या स्तब्धतेचा अर्थ संमती असा लावता येत नाही. असा प्रसंग कोणी यापूर्वी पाहिलेला नव्हता. त्यावर काय करावयाचे याचा पाठ कोणाजवळ नव्हता. त्यातच कायदा आणि नगरपालिकेचा ठराव प्रतिनिधींच्या बाजूने होते. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता, आणि शेजारीही स्तब्धच होता.

सुमारे दोन तासांनी चित्र पालटले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत, अशी अफवा गावात पसरली. परिषदेचा तसा कोणताही बेत नव्हता. परंतु अफवेने बघ्यांना दोन गोष्टी पुरविल्या. तळ्याच्या बाबतीत कायदा विरुद्ध होता, देवळाच्या बाबतीत तशी अडचण नव्हती. म्हणून रागाला उजळ माथ्याने सांगता येईल असे कारण मिळाले. तसेच, आता इतर लोकही धावत आहेत, हे प्रत्येकाला दिसू लागले. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मंडपात घुसला. जेवत असलेल्या व परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली. अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला. प्रतिनिधींमध्ये सैन्यात नोकरी केलेले लोक होते. प्रतिकार करण्याची शक्ती असूनही डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी हात आवरला. पुढे खटला होऊन हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लाटाने-डार्ली यांच्या प्रयोगात इतरांची स्वस्थता माणसाला स्वस्थ बसविते. महाडात इतरांची धावपळ माणसाला धावावयास लावते. दोन्ही ठिकाणी मूळ एकच आहे. बघा प्रसंगाकडे पाहत नसून दुसऱ्या बघ्याकडे पाहत असतो.

संकेताची डागडुजी

हल्ल्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांसह तळ्यात रिकाम्या करण्यात आल्या. या विधीचे धार्मिक स्वरूप उघड आहे. परंतु त्याचे सामाजिक कार्य अधिक महत्त्वाचे वाटते. २० मार्चला जे गप्प राहिले होते त्यांनाही यात प्रेक्षक म्हणून सामील होता आले, आणि ‘आपण त्या दिवशी गप्प होतो’ हा ठपका त्या घागरींबरोबर धुतला गेला. एमिल दुर्खीम यांनी म्हटल्याप्रमाणे नियमभंगामुळे समूह एकत्र येऊन नियमावरील निष्ठा नव्याने जाहीर करतो. महाडचे शुद्धीकरण हे त्याचे ठळक उदाहरण होय.

डागडुजी येथेच थांबली नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेची तयारी सुरू होताच काही सवर्ण नागरिकांनी दावा दाखल करून १४ डिसेंबरला न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेच्या मंडपासाठी हिंदूंपैकी कोणी जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. हात न उचलता, केवळ ‘न देऊन’ विरोध करणारा हा बघ्यांचा तिसरा प्रकार होय.

बाजू बदलणारे

सर्वच बघे सारखे नव्हते. चित्रे, टिपणीस आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे जन्माने काठावरच्या गटातील होती. ती काठ सोडून रांगेत आली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला. आश्रय देणारी मुसलमान घरे किंवा जागा देणारे फत्तेखान यांनी भाषणे केली नाहीत, पण जमावाच्या एकमताला त्यांनी छेद दिला. प्रयोगांतूनही हेच दिसते की, एकाने जरी वेगळे वर्तन केले तरी इतरांना आपले स्वतःचे मत आठवते.

पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दाव्याचा निकाल डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. ज्या संकेतासाठी डोकी फुटली, तो पुराव्याच्या कसोटीवर उभाही राहू शकला नाही. ‘कोणी येत नव्हते’ याचा अर्थ ‘येऊ नये अशी रूढी होती’ असा होत नाही, एवढे यातून निश्चित झाले.

कर्जत-खालापूरच्या संदर्भात

बघ्यांच्या मौनाला नेहमी एकच अर्थ नसतो, याची साक्ष आपल्याच भागात आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्त्या’ने १९४२ च्या आंदोलनात या डोंगराळ मुलखात भूमिगत लढा दिला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगड येथे भाई कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. तोपर्यंत काढलेले भूमिगत दिवस वाड्यापाड्यांवरील लोकांनी पाहूनही न पाहिल्यासारखे केल्याशिवाय शक्य नव्हते. तेथील मौन दुर्बलांचे रक्षण करणारे होते. चवदार तळ्याकाठचे मौन बलवानांचे रक्षण करीत होते. मौनाचे मूल्यमापन ते कोणाच्या उपयोगी पडते यावरून करावे लागते.

दुसरा संदर्भ अधिक अलीकडचा आहे. रायगड जिल्ह्यातून गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या अनेक तक्रारी गेल्या दशकात पुढे आल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक संमत केले आणि तो कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. तथापि वाळीत टाकणे हे पंचांच्या निर्णयाने जितके होते त्याहून अधिक ते शेजाऱ्याने न बोलण्याने, दुकानदाराने माल न देण्याने, लग्नाला न बोलावण्याने होते. १९२३ च्या ठरावाला जे साधले नाही ते २०१७ च्या कायद्याला एकट्याने साधेल, असे मानता येत नाही.

निष्कर्ष

महाडच्या घटनेत बघ्यांची चार रूपे दिसतात : नजरेने अडविणारे, अफवेवर धावणारे, न देऊन विरोध करणारे आणि काठ सोडून सामील होणारे. सामाजिक संकेत लोकांच्या दृढ श्रद्धेपेक्षा परस्परांच्या धाकावर अधिक टिकतो, असा निष्कर्ष यातून निघतो. २० मार्चचे पहिले दोन तास हा त्याचा पुरावा होय. त्या दोन तासांत महाडच्या बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येकापुढे निवड खुली होती. अफवा खोटी आहे, एवढे कोणी चार प्रतिष्ठितांनी मोठ्याने सांगितले असते तर काय झाले असते, हे आज सांगता येणार नाही. परंतु ते सांगणे बघ्यांच्या हाती होते, हे निश्चित.

कर्जत-खोपोली गाडीत एखाद्याचा अवमान होताना ‘आपल्याला काय करायचंय?’ असे म्हणून आपण खिडकीबाहेर पाहतो, तेव्हा आपणही तळ्याच्या काठावरच उभे असतो. इतिहास शिकविणाऱ्यांनी सत्याग्रहाचा धडा घेताना पाणी पिणाऱ्यांबरोबर काठावरच्या माणसांविषयीही विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यात तीच जागा येत असते.