मासे चालतात, मांस नाही

मांस सोडायचे आणि मासे तेवढे ठेवायचे, हा आहार शहरांत आता ‘पेस्केटेरियन’ या नव्या नावाने आला आहे. बहुतेकांच्या लेखी तो अर्धवट शाकाहार असतो. सगळे सोडवत नाही म्हणून निम्मे सोडलेले. गोवा आणि दक्षिण कोकणातल्या सारस्वतांचा इतिहास पाहिला तर हे मोजमापच गैरलागू वाटू लागते. त्यांच्या घरांत पिढ्यानपिढ्या बांगड्या-तारल्यांचे हुमण शिजले आणि बकरे-कोंबडी बहुधा उंबऱ्याबाहेर राहिली. या आहाराला स्वतःची शिस्त होती, आणि माझ्या मते त्या शिस्तीचा कणा काय खायचे यापेक्षा केव्हा खायचे नाही, हा होता.

पहिला आक्षेप अर्थातच शास्त्राचा. मासे खाणारा सगळेच मांस खाणारा समजावा, असा कडक निवाडा मनुस्मृतीने दिला आहे. मात्र लगेच पुढे देवपितरांना अर्पण केलेले पाठीन आणि रोहित हे मासे तीच स्मृती चालवून घेते. सारस्वतांनी आधार शोधला तो महाभारतात. शल्यपर्वात बारा वर्षांचा दुष्काळ पडतो, ऋषी अन्नासाठी रानोमाळ होतात. सरस्वती नदी मात्र आपल्या मुलाला, सारस्वत मुनीला, मासे देऊन जगवते आणि वेद विसरलेल्या ऋषींना पुढे तोच वेद शिकवतो. कथा फारच सोयीची आहे. आपत्काळातली सवलत सुकाळात कशी चालते, याचे उत्तर तिच्यात नाही. त्यापेक्षा बंगालच्या भवदेव भट्टाचा युक्तिवाद मला अधिक पटतो. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास ब्राह्मणांच्या मत्स्याहाराची बाजू मांडताना त्याने म्हटले की स्मृतींतले निषेध ठरावीक तिथींपुरते आहेत, सर्वकाळचे नाहीत. पंडिती पळवाट म्हणून हे झटकून टाकता येईल, पण किनाऱ्यावरचा व्यवहार नेमका असाच चालत आला आहे. देशावरच्या ब्राह्मणांना तो कधी मानवला नाही. शेणवी, म्हणजे हेच सारस्वत, त्रिकर्मी, त्यांना ब्राह्मणाच्या षट्कर्मांपैकी तीनचाच अधिकार, या वादात मासे हा कायमचा मुद्दा राहिला. १६६४ साली राजापूरच्या सभेत गागाभट्टांसारख्या पंडितांनी शेणव्यांच्या ब्राह्मण्याच्या बाजूने निर्णय दिला, तरी वाद धुमसतच राहिला.

आता तिथींचा हिशेब पाहू. सोमवार शंकराचा, म्हणून शिवराक, म्हणजे शाकाहार. एकादशी, संकष्टी, कुलदैवताचा वार हेही तसेच. श्रावण महिनाभर बंद आणि मासे परत येतात ते चतुर्थी उलटल्यावर. यातला मोठा खंड पावसाळ्यात पडतो, त्या काळात खवळलेल्या समुद्रात होड्या जात नसत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जात. म्हणजे जे मिळत नव्हते तेच व्रत म्हणून सोडले, असे कुणी म्हणेल. हे अर्धेच खरे आहे. पहिल्या पावसात नदी-ओहोळांतून चढणीचे मासे मिळतात, आणि सुके बांगडे, सोडे, सुंगटे तर पावसाळ्यासाठीच उन्हात वाळवून ठेवलेली असतात. मडक्यात सुके असताना सोमवार पाळावा लागतो, म्हणून त्याला नियम म्हणायचे. श्रावण तर समुद्र न पाहिलेले लोकही पाळतात. समुद्राने नियम सोपा केला असेल, घडवला मात्र नाही.

मांस बाहेर का राहिले, याचे एक उत्तर जमिनीत आहे. कोकणच्या पावसात मेंढी तगत नाही. धनगर पावसाळ्यापूर्वी कळप घेऊन घाट चढतात. बैल नांगराला हवा. दुसरे उत्तर इतिहासाचे असावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली धर्मांतरे झाली, मंगेशासारखी दैवते नदीपलीकडे हलली आणि डुकराचे मांस ख्रिस्ती स्वयंपाकघराची खूण बनले. अशा गोव्यात मांस न खाणे ही ओळख जपण्याची रीत झाली असली तर नवल नाही. गंमत अशी की ख्रिस्ती घरातही शुक्रवारी आणि लेंटमध्ये मांस वर्ज्य, मासे मात्र चालत. धर्म बदलला तरी मासळी आणि मांस यांच्यामधली रेघ दोन्ही घरांत होती.

या आहाराविरुद्धचा खरा वजनदार आक्षेप शास्त्राचा नाहीच, जातीचा आहे. मासे मारायचे गाबीत आणि खारव्यांनी, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायचे त्यांच्या बायकांनी, आणि सोवळे टिकायचे खाणाऱ्याचे. जीव घेण्याचा दोष मारणाऱ्याच्या माथी ठेवून ताट शुद्ध मानायचे, हा त्यातला ढोंगीपणा नाकारता येत नाही. पण तो ढोंगीपणा मासे खाण्यातून आलेला नाही. मांसाला न शिवणाऱ्यांनीही मेलेले ढोर ओढायला आणि कातडे कमवायला दुसऱ्याच जाती नेमल्या होत्या.

आज मांस सोडून मासे ठेवणारे बहुतेक जण यादी तेवढी घेतात, तिथी नाही. बर्फ आणि ट्रॉलर आल्यावर बारमाही मासळी मिळू लागली आणि खंडाची गरज सरकारी आदेशाच्या वाट्याला गेली. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ती उठून ताजी मासळी बाजारात येते तेव्हा अनेकदा श्रावण लागलेला असतो, आणि जुना नियम पाळणाऱ्या घरांत तिला अजून प्रवेश नसतो.