मत वऱ्हाडात, धनी हैदराबादेत

अफझलगंजात मुसीकाठी उभ्या असलेल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला आपली वडीलधारी मंडळी 'आसफिया' म्हणत आली. त्या परिसरातील आपल्या कितीतरी घरांची सोयरीक वऱ्हाडातली. अमरावती-अकोल्याचे व्याही आणि येथील आपण, दोघेही एकाच निजामाची रयत. मताच्या बाबतीत मात्र दोघांचे दैव निराळे होते.

वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ च्या करारान्वये सालिना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायम पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. सार्वभौमत्व तेवढे निजामाचे. १९१९ च्या सुधारणांनी निवडणुका आल्या, तेव्हा पेच पडला. जो मुलूख कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडतच नाही, तेथील लोकप्रतिनिधी कायदेमंडळात बसवावा कसा? तोड निघाली ती कारकुनी डोक्याची. वऱ्हाडात रीतसर मते घ्यावयाची आणि निवडून येईल त्याची सरकारने 'नेमणूक' करावयाची! लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून गाजले. लोकांनी निवडून दिलेला हा पुढारी सरकारदप्तरी नेमलेल्या सभासदांत मोडत होता. शब्द नेमणुकीचा असला, तरी मत खरे होते. मताचा अधिकार मोजक्यांनाच होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

इकडे हैदराबादेत १८९३ पासून कायदेमंडळ होते, परंतु सामान्य रयतेला त्यात वाव नव्हता. १९३७ साली अरवमुदू अय्यंगार समिती नेमली गेली; तीत आपले काशिनाथराव वैद्यही होते. जुलै १९३९ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत ८५ सभासदांपैकी ४२ निवडून यावयाचे होते, आणि तेही जिल्ह्यांतून नव्हे, तर जहागीरदार, शेतकरी, व्यापारी, वकील, पदवीधर अशा वर्गांतून. म्हणजे अफझलगंजच्या माणसाने मत द्यावयाचे ते अफझलगंजचा म्हणून नव्हे. आधी त्याने आपला धंदा सांगावा. हमालाला आणि स्वयंपाकिणीला कोणत्या रकान्यात बसवणार होते, असा प्रश्न आम्हांस पडतो. वऱ्हाडच्या व्याह्यांची नेमणूक निदान मत मोजल्यानंतर होत असे.

महायुद्धामुळे ही योजना लांबणीवर पडली. १९४६ मध्ये निवडणुका झाल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार घातला.

पुढे पोलीस कारवाई झाली, संस्थान विलीन झाले आणि प्रौढ मतदानाने पहिली विधानसभा निवडून आली. १९५२ साली तिच्या सभापतीच्या आसनावर बसले ते काशिनाथराव वैद्यच.