‘ज्युरासिक’ हे नाव डायनासोरचं नाही, चुनखडकाचं आहे

ज्युरासिक म्हटलं की डोळ्यांसमोर डायनासोर येतात. सिनेमाची कृपा! पण हा शब्द आला फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा नावाच्या डोंगररांगेतून, आणि तोही तिथल्या चुनखडकामुळे.

१७९०च्या दशकात जर्मन निसर्गअभ्यासक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्या भागात फिरला. तिथला चुनखडक तेव्हाच्या कुठल्याच वर्गात बसेना. म्हणून १७९९ मध्ये त्याने त्याला ‘जुरा चुनखडक’ असं वेगळं नाव दिलं. नाव टिकलं, पण क्रम चुकला. जर्मनीतल्या दुसऱ्या एका चुनखडकापेक्षा हा जुना असावा, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो नवा निघाला.

पुढे १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सांद्र ब्रोन्यारने अशा थरांना ‘ज्युरासिक’ म्हटलं. डोंगराचं नाव असं हळूहळू एका काळाला चिकटलं.

मग प्रश्न आला पोटविभागांचा. लिओपोल्ड फॉन बुखने १८३९ मध्ये सरळ रंगावरून वाटणी केली: खाली काळा जुरा, मध्ये तपकिरी, वर पांढरा. क्वेनस्टेटने १८४३ मध्ये दक्षिण जर्मनीत प्रत्येकाचे सहा भाग पाडून त्यांना ग्रीक अक्षरं दिली. त्या एका प्रदेशात हे छान चाललं. पण रंग सगळीकडे सारखा थोडाच असतो? एकाच वेळी एका ठिकाणी चिखल साचतो, दुसरीकडे चुना. शेवटी अल्बर्ट ओपेलने १८५६ ते १८५८ दरम्यान खडक कसा दिसतो हे बाजूला ठेवलं आणि अमोनाइट या समुद्री जीवांच्या जीवाश्मांवरून थर जुळवले. अमोनाइटच्या जाती दूरवर पसरायच्या आणि लवकर नष्टही व्हायच्या, त्यामुळे त्या तारखेच्या शिक्क्यासारख्या कामी आल्या.

तेव्हापासून भूवैज्ञानिक जणू दोन वह्या ठेवतात. एकीत खडक, दुसरीत काळ. खडकाच्या वहीत नकाशावर दाखवता येईल अशा थराला ‘फॉर्मेशन’ म्हणतात. तो जिथे चांगला दिसतो त्या गावाचं किंवा नदीचं नाव त्याला मिळतं. अशी अनेक फॉर्मेशन मिळून एक ‘गट’ होतो.

याचं उदाहरण अनेक मराठी घरांत पायाखालीच आहे. शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची. तिचा थर म्हणजे शहाबाद फॉर्मेशन आणि तो मोडतो भीमा गटात. हो, भीमाशंकरला उगम पावणारी तीच भीमा. विदर्भातही पैनगंगा गटात ‘चांदा चुनखडक’ आहे. चंद्रपूरचं जुनं नाव चांदा. गावाचं नाव बदललं, खडकाच्या नावात ते अजून आहे.

पण शहाबादच्या खडकाची दुसरी वही भरणं अवघड जातं. अमोनाइट जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तो साचला, त्यामुळे ओपेलची युक्ती तिथे चालत नाही. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढावं लागतं, आणि भीमा गटाच्या नेमक्या वयावर अजून एकमत नाही.

काळाच्या वहीतल्या सीमा आता जगभरासाठी एकेका ठिकाणी ठरवल्या जातात. ज्युरासिकची सुरुवात, म्हणजे सुमारे २० कोटी १० लाख वर्षांपूर्वीची रेषा, २०१० मध्ये अधिकृतपणे निश्चित झाली. अमोनाइटची एक विशिष्ट जात पहिल्यांदा दिसते तो थर ही तिची खूण. ही जागा जुरा डोंगरात नाही, ऑस्ट्रियातल्या कुह्योख इथे आहे.