इगतपुरीला इंजिन बदलायचं!

ज्यांना हा भाग कानात घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच आहे.

गोष्ट सुरू होते रात्री साडेअकराला, कसाऱ्याच्या अलीकडे. मी आणि माझा मामा मुंबईहून नाशिकला परत येत होतो. मामा नाशिकरोडला राहतो आणि नाशिक-मुंबई टॅक्सी चालवतो. दीड वर्षापूर्वी त्याने कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली. डिझेलचे पैसे वाचतील, त्यातून हप्ता निघेल असा सरळ हिशोब. त्या रात्री बॅटरी २२ टक्क्यांवर होती आणि हायवेवरच्या एका हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर आहे असं ॲप दाखवत होतं. हिरवा ठिपका, 'उपलब्ध'. आम्ही पोचलो तर मशीनचा पडदा काळा. ॲपवरच्या नंबरला फोन लावला, तर तक्रार नोंदवून घेतली. हॉटेलवाला म्हणाला, "ताई, ते आमचं नाही हो. आम्ही फक्त जागा दिलीय."

मामा काही बोलला नाही. कूलिंग बंद केलं, काचा खाली केल्या आणि ताशी चाळीसच्या वेगाने घाट चढायला लागला. इगतपुरीत आलो तेव्हा ८ टक्के उरले होते. एका लॉजच्या वॉचमनने पंधरा अँपियरचा साधा सॉकेट दिला. तासाला जेमतेम दहा टक्के. म्हणजे तीन तास तिथेच बसणं आलं. समोर यार्डाचे दिवे दिसत होते. मामा म्हणाला, "अगं, या गावात सगळ्यांनाच थांबावं लागायचं. तुझ्या आजोबांच्या वेळी आख्खी पंजाब मेल थांबायची, इंजिन बदलायला."

घरी आल्यावर मी ते शोधत बसले. त्यातून हा भाग झाला.

मुंबई ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळेत पाठ केलेलं. खरी अडचण त्यापुढे होती, सह्याद्री. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाकांसाठी फार आहे. म्हणून आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. वाफेच्या काळात तर इंजिनाला दमसास कमी. कोळशाआधी पाणी संपायचं. तेव्हा कुठे थांबायचं, तिथे पाणी, कोळसा, ताजं इंजिन, ताजी माणसं आहेत का, हे सगळं आधी ठरवून ठेवावं लागे. आपल्या भाषेत 'टप्पा' हा शब्द आहेच. डाकेचे घोडे बदलायची जागा तो टप्पा. घाटमाथ्यावरची इगतपुरी रेल्वेचा टप्पा झाली.

मग वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली. १९३० पर्यंत वीज दोन्ही घाट चढली, पुण्याकडचा आणि आपल्याकडचा. घाटासाठी खास मालगाडीची इंजिनं आणली, दोन्हीकडे लांब नाकाडं असलेली. रेल्वेतली माणसं त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यातला एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे, जाऊन बघा. घाट उतरताना मोटार उलटी वापरून वीज परत तारेत सोडायची सोय त्यांच्यात होती. आज गाडीच्या जाहिरातीत हेच 'रीजनरेटिव्ह ब्रेकिंग' म्हणून नवलाईने सांगतात!

आता थोडं तांत्रिक, पण कंटाळू नका, कारण मामाचं दुखणं इथेच आहे. ती वीज १५०० व्होल्टची डीसी होती, एकाच दिशेने वाहणारी. वीज केंद्रात बनते ती मात्र एसी, दिशा बदलत राहणारी. म्हणजे मध्ये कुठेतरी एसीची डीसी करणारी यंत्रं पाहिजेत. ती रेल्वेने रुळांच्या कडेला, थोड्या थोड्या अंतरावर, उपकेंद्रांमध्ये बसवली. आणि ती सांभाळायला स्वतःची माणसं ठेवली. इतकंच नाही, १९२९ मध्ये कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचं वीजघरच उभं केलं. वीज त्यांची, तार त्यांची, इंजिन त्यांचं, ड्रायव्हर त्यांचा. गाडी घाटात अडली तर जबाबदार कोण, हा प्रश्नच नव्हता.

पण एक घोळ झाला. स्वातंत्र्यानंतर रेल्वेने फ्रान्सच्या अनुभवावरून २५ हजार व्होल्टची एसी पद्धत स्वीकारली. तार बारीक चालते, उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात, आणि रूपांतर करणारं यंत्र इंजिनाच्या पोटातच असतं. १९६० च्या दशकाच्या शेवटी इगतपुरीच्या पुढे मनमाड-भुसावळकडे ही नवी वीज आली. मुंबईकडून जुनी डीसी, नाशिककडून नवी एसी, आणि दोघींची गाठ इगतपुरीला. म्हणून इंजिन बदलायचं. दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं हाताशी येईपर्यंत कित्येक वर्षं प्रवाशांनी तिथे उतरून चहा-वडा खाल्ला. जुनी पद्धत मोडायला किती वेळ लागतो बघा: मुंबईतली शेवटची डीसी एप्रिल २०१६ मध्ये गेली, तीही हार्बरवरून. जिथे १९२५ ला आली, तिथूनच.

गंमत म्हणजे त्याच २०१६ च्या जूनमध्ये महिंद्रची ई-व्हेरिटो बाजारात आली. व्हेरिटो म्हणजे आपल्या सातपूरच्या कारखान्याची गाडी, हा तिचा विजेचा अवतार. एका चार्जमध्ये ११० किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा. नाशिक-मुंबई १६५ च्या पुढे! म्हणजे नाशिककराला ती घेऊन मुंबई गाठायची तर वाटेत थांबणं आलंच, आणि थांबायला जागाच नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम केले: महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन हवं. कागदावर उत्तम. पण प्रत्येक स्टेशनवर पाच प्रकारचे प्लग ठेवा, असंही म्हटलं. जपानी, युरोपी, भारत डीसी, भारत एसी, सगळे. इगतपुरीचा घोळच की हा! दुसऱ्याच वर्षी ती सक्ती सैल केली. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन इव्ही युरोपी पद्धतीचा सीसीएस-२ प्लग घेऊन आली, आणि चारचाकींसाठी तोच प्लग रुळला. रेल्वेला जे जमायला अर्धं शतक लागलं, ते गाड्यांना दोन-तीन वर्षांत जमलं. हे श्रेय द्यायला हवं.

मग मामा का अडकला? माझ्या मते उत्तर त्या रूपांतर करणाऱ्या यंत्रात आहे. घरच्या सॉकेटमधून एसी मिळते, तिची डीसी करणारा छोटा डबा गाडीतच असतो. तो छोटा, म्हणून रात्र जाते. फास्ट चार्जर म्हणजे तोच डबा मोठा करून रस्त्याच्या कडेला ठेवलेला. ३० युनिटची बॅटरी १५ किलोवॅटच्या मशीनवर दोन तास घेते, ५० किलोवॅटच्या मशीनवर तासाच्या आत ८० टक्क्यांवर जाते. म्हणजे आपण पुन्हा १९३० च्या पद्धतीवर आलोय: यंत्र रस्त्याकडेला. फक्त ते सांभाळणारा माणूस आणला नाही. जागा हॉटेलची, मशीन एकाचं, ॲप दुसऱ्याचं, वीज महावितरणची, गाडी मामाची. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जरसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. आकडा मोठाच आहे. पण मशीन बसवणं आणि मशीन चालू ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रिबीन पहिल्याच कामाची कापतात.

समृद्धी महामार्गाचंही तेच वाटतं मला. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे पेट्रोल आणि चहासाठीसुद्धा लोक वणवण करत होते. रस्ता आधी, टप्पा मागाहून. थळ घाटात असं केलं असतं तर गाडी वर पोचलीच नसती.

ज्यांच्याकडे इव्ही आहे त्यांच्यासाठी एक हिशोब. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. दीड टनाची गाडी तेवढी वर उचलायला अडीच युनिट लागतात, शिवाय गळती वेगळी. म्हणजे ३० युनिटच्या बॅटरीतले आठ-दहा टक्के नुसत्या उंचीचे. जाताना त्यातले थोडे परत मिळतात, येताना पूर्ण द्यावे लागतात. नाशिकहून निघताना स्क्रीनवर दिसलेला आकडा परतीसाठी धरू नका.

आम्ही पहाटे साडेतीनला इगतपुरी सोडली. मामाचं सकाळी सहाला विमानतळाचं भाडं होतं. घरी जाऊन पुन्हा चार्ज करून ते जमणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने घोटीच्या आसपास गाडी बाजूला घेतली आणि गिऱ्हाइकाला फोन करून उठवलं. ते चिडले, साहजिकच. ते भाडं दुसऱ्या डिझेलवाल्याकडे गेलं आणि नंतर त्याच्याकडेच राहिलं.

मामाच्या फोनमध्ये आता चार्जिंगची सहा ॲप आहेत, प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले. आणि त्या लॉजच्या वॉचमनचा नंबर. निघताना तो आधी त्यालाच फोन करतो, "दादा, सॉकेट चालू आहे ना?"