धुळ्याची गीता, पंढरीचे दार आणि राज्याचा धर्म

ज्या देशात हिंदूंची बहुसंख्या आहे तेथील राज्य हिंदूंचे का नसावे, असा प्रश्न विचारला जातो. तो उडवून लावण्याजोगा नाही. १९४७ साली धर्माच्या पायावर देशाची फाळणी झाली. तेव्हा तो अनेकांच्या मनात उठणे साहजिकच होते. त्याचा विचार आपल्या खानदेशातूनच सुरू करता येतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षकी केलेला हा माणूस मनाने पुरा भाविक होता. हेच गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास बसले. मागणी एवढीच, की विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना मोकळे करावे. दहाव्या दिवशी उपोषण सुटले.

येथे दार अडविणारे हिंदू होते आणि ते ठोठावणारेही हिंदूच होते. राज्याचा धर्म हिंदू असता, तर यांपैकी कोणाचे म्हणणे सरकारने धर्म म्हणून मानले असते? धर्म पत्करलेल्या राज्याला धर्म सांगणारा अधिकारीही नेमावा लागतो. त्याचा पहिला जाच परधर्मीयांना नव्हे, तर गुरुजींसारख्या स्वधर्मीयांनाच होण्याचा संभव अधिक.

घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी सरनाम्याचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी सूचना मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. फेटाळणारे सारे नास्तिक होते असे नव्हे. श्रद्धेची सक्ती नको, असे त्यांतील कित्येक भाविकांचेही मत होते. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द सरनाम्यात १९७६ साली आला. परंतु धर्मस्वातंत्र्याचे २५ वे कलम आणि धर्मप्रसारासाठी कर घेण्यास मनाई करणारे २७ वे कलम पहिल्यापासूनच होते.

यावर आक्षेप असा, की १९५५-५६ साली राज्याने हिंदूंचे कायदे बदलले, इतरांच्या कायद्यांना तेवढा हात लावला नाही. या आक्षेपात तथ्य आहे. पण तागडी एका बाजूस कलली असेल तर ती सरळ करावयाची असते, दुसऱ्या बाजूस कलवावयाची नसते. सर्वांना एकच माप लावा, ही मागणी धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध नाही; तिच्याच पूर्ततेची आहे.

नेपाळ १९६२ च्या संविधानाने हिंदू राज्य ठरले होते. २००७ च्या अंतरिम संविधानाने ते धर्मनिरपेक्ष झाले. पशुपतिनाथाची पूजा काही थांबली नाही.

धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगितली गेली तेव्हा राज्य परक्यांचे होते. सांगणारा कैदी, लिहून घेणारा कैदी आणि ऐकणारेही कैदीच. त्या गीतेवर कोणत्याही सरकारचा शिक्का नव्हता. तरी ती आज घरोघर वाचली जाते.