मँचेस्टरच्या भिंतीवरचा मूर

मँचेस्टर म्हटले की मालेगाव-भिवंडीच्या माणसाला सूत आणि मांजरपाट आठवतो, चित्रे नव्हेत. मोझ्ली स्ट्रीटवरच्या आर्ट गॅलरीत आम्हीही जुना हिशेब मनात घेऊनच शिरलो. तिकीट नाही, दार सर्वांना खुले.

ही इमारत रॉयल मँचेस्टर इन्स्टिट्यूशनची. व्यापारी आणि चित्रकारांनी १८२३ साली ती संस्था काढली. १८८२ मध्ये इमारत व संग्रह नगरपालिकेच्या स्वाधीन झाले. बदल्यात नगरपालिकेने वीस वर्षे दरसाल २,००० पौंड कलाकृतींवर खर्चायचे होते. आपल्या गावच्या नगरपालिकेला अशी अट कुणी घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

संस्थेने संग्रहासाठी घेतलेली पहिली कलाकृती कोणती? जेम्स नॉर्थकोटने १८२६ मध्ये रंगवलेला 'ऑथेल्लो'. युरोपवाले उत्तर आफ्रिकेच्या मुसलमानांना मूर म्हणत. चित्रातल्या मूराचा चेहरा मात्र आयरा ऑल्ड्रिजचा, न्यूयॉर्कमध्ये १८०७ साली जन्मलेल्या कृष्णवर्णीय नटाचा. रंगभूमीच्या ओढीने तो इंग्लंडला आला. ब्रिटिश वसाहतींतील गुलामी रद्द करणारा कायदा १८३३ चा, म्हणजे चित्रानंतरचा. अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर हे शहर गबर होत होते आणि त्याच शहराने एका काळ्या माणसाचे चित्र मानाने भिंतीवर लावले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही. ऑल्ड्रिज १८६७ मध्ये वारला, तोही पोलंडचे मँचेस्टर म्हणवणाऱ्या वुच शहरात!

चित्रांचे वेड इथे जुनेच. ५ मे १८५७ रोजी ओल्ड ट्रॅफर्डला भव्य कलाप्रदर्शन उघडले. सुमारे १६,००० कलाकृती, तेरा लाखांवर प्रेक्षक. पाचच दिवसांनी मेरठची छावणी पेटली. १७ ऑक्टोबरला प्रदर्शन संपले, तोवर दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या हाती गेली होती. गिरणीच्या कापडाने आधीच पोटावर आलेले उत्तरेतील मोमीन विणकर त्या धामधुमीनंतर माग-धोटे घेऊन दक्षिणेकडे निघाले. मालेगावच्या कित्येक घरांची तवारीख तिथून सुरू होते.

फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनचे 'वर्क' याच गॅलरीत आहे. मध्यभागी रस्ता खोदणारे मजूर, कडेला कार्लाइल आणि कामगारांसाठी कॉलेज काढणारा मॉरिस नुसते पाहत उभे. १८५२ ला घेतलेले हे चित्र १८६५ ला पुरे झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध थांबले आणि मुंबईत कापसाचा भाव कोसळून पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या.