गंजिफेचा दर

गंजिफा हा हातरंगी गोल पत्त्यांचा खेळ का मागे पडला, असं विचारलं की बहुतेक जण आवडीनिवडीचं कारण देतात. साहेब आला, त्याचे बावन्न पत्ते आले आणि आपला खेळ जुना वाटू लागला, असं. माझं आयुष्य छापखान्यात गिऱ्हाइकांना दर काढून देण्यात गेलं. कागद, मजुरी आणि प्रतींची संख्या या तीन गोष्टी मांडून पाहिल्या की मला कारण वेगळंच दिसतं.

दशावतारी गंजिफेचे पत्ते १२०. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मोगली गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. खेळ मोगलांबरोबर इथे रुजला. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यातच आहे. आपल्याकडे तिला अवतार मिळाले आणि सावंतवाडीत चितारी मिळाले.

त्यांचं काम असं. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वाळले की गोल कापायचे, खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, रंगाची जमीन द्यायची, बारीक कुंचल्यानं चित्र काढायचं आणि वर लाखेचा हात मारायचा. यात माल महाग नाही. कागद, चिंचोके, खडू यांना पैसे ते किती? महाग आहे तो माणसाचा हात. सगळी कामं मिळून एका पानाला अर्धा तास धरा, तरी एका जोडाला साठ तास झाले. दुसरा जोड हवा तर पुन्हा साठ. शंभरावा जोड पहिल्याइतकाच महाग पडतो.

हे गणित जुन्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दरबारी कलम आणि बाजार कलम असे दोन दर्जे होते. इतर दरबारांतून हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची पानंही होत. सावंतवाडीत दरबारी पानाला कडेनं किनार असते, बाजारीला नसते. किनार म्हणजे १२० वेळा हात न थरथरू देता काढलेलं वर्तुळ. ती गाळली की किंमत उतरते आणि खेळ मात्र तसाच्या तसा राहतो. खर्च कुठे कापावा याची इतकी नेमकी जाण मी फार थोड्या छापखान्यांत पाहिली.

पण छपाईपुढे ही काटकसर टिकणारी नव्हती. लंडनच्या थॉमस दे ला रू यांनी १८३१ साली रंगीत पत्ते छापण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे बेल्जियममधल्या तुर्नहाउटच्या कारखान्यांचे पत्तेही हिंदुस्थानात येऊ लागले. छपाईत सगळा भार पहिल्या प्रतीवर: ठसे, मांडणी, रंग जुळवणं. एकदा यंत्र फिरलं की दहा हजारावी प्रत जवळजवळ कागदाच्या भावात पडते. शिवाय पानं १२० नव्हे, ५२. चितारी पोटासाठी पांगाऱ्याच्या लाकडाची फळं, खेळणी, रंगीत पाट यांकडे वळले. त्यात त्यांचं काय चुकलं?

खेळ मात्र सुंदर होता. तिघं बसायची, प्रत्येकाच्या हातात चाळीस पानं. दिवसा पहिली उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, निम्म्यांत एक्का. कुठली पानं पडून गेली हे ज्याच्या डोक्यात राहिलं त्याचा डाव.

१९७१च्या सुमारास सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला हाती घेतली. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. मुंबईतले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरची गंजिफा जमवून तिच्यावर ग्रंथ लिहिला. या माणसांचे उपकार मोठे आहेत. ती नसती तर आज आपल्याकडे नावापलीकडे काही उरलं नसतं.

तरीही खंत आहे. आज पूर्ण हातरंगी जोडाची किंमत काही हजारांच्या घरात जाते. ती योग्यच आहे, कारागिराला त्याहून कमी मिळू नये. पण एवढी किंमत मोजणारा तो जोड काचेच्या कपाटात ठेवतो. पानं झिजत नाहीत, खेळणारे तयार होत नाहीत, आणि जुन्या खेळाडूंबरोबर डावाचे बारकावे जाताहेत. वस्तू वाचली; खेळ वाचला असं मात्र मी म्हणणार नाही.

दरबारी कलम हातानंच व्हावं. बाजार कलम मात्र आता छापावं, चितारींच्याच चित्रांवरून, प्रत्येक जोडामागे त्यांना त्यांचा वाटा देऊन, साध्या पत्त्यांच्या आसपासच्या दरात, आणि डब्यात खेळाचे नियम स्वच्छ मराठीत घालून. ज्यांच्या घरी जुना जोड आहे त्यांनी तो कपाटातून काढावा, घरातल्या वडीलधाऱ्यांना खेळ येत असेल तर त्यांच्यासमोर बसून तो लिहून घ्यावा, आणि आणखी दोघांना शिकवावा.